एकट्याला समोर आणून ‘हाच का?’ विचारलं, तर ती ओळख अपिलात टिकावी का?

कोरा कागद:
४ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी शहरात एका पेट्रोल पंपावर लूट झाली आणि तिथे काम करणारी तरुणी चाकूहल्ल्यात मारली गेली. साधारण ४० मिनिटांनी कार्लोस डेलूना हा २० वर्षांचा तरुण जवळच्या एका ट्रकखाली लपलेला सापडला. पोलिसांनी त्याला गाडीत घालून पंपावर आणलं. हल्लेखोराला समोरून पाहिलेला एक माणूस तिथे होता. त्याला डेलूना दाखवला, तो ‘हाच’ म्हणाला. ताडून बघायला दुसरा एकही चेहरा नव्हता, डेलूना पोलिसांच्या ताब्यात आहे हे मात्र स्वच्छ दिसत होतं. त्या ओळखीवर खटला उभा राहिला. पुढची अपिलं फेटाळली गेली आणि ७ डिसेंबर १९८९ ला त्याला मृत्युदंड दिला गेला.

घटनास्थळी रक्ताचा सडा होता, पण त्याच्या कपड्यांवर किंवा जवळच्या नोटांवर रक्त मिळालं नाही. पंपावरच्या साक्षीदाराने सांगितलेले कपडे आणि थोड्या अंतरावर पळताना दिसलेल्या माणसाचे कपडे जुळत नव्हते. माझं म्हणणं एवढंच: अशी ओळख मुख्य आधार असेल, तर ‘ज्यूरीने (दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाने) विश्वास ठेवला’ म्हणून अपील न्यायालयाने हात झटकू नयेत.

उंबरठा:
सहमत नाही. तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. तो लपला कशाला? त्याच्या खिशात १४९ डॉलर होते. त्या संध्याकाळी आपण दोन बहिणींना भेटलो असं त्याने सांगितलं, तर त्यांतली एक त्या वेळी स्वतःच्या डोहाळजेवणासारख्या समारंभात होती. त्याचा बचाव तिथेच कोसळला.

शिवाय अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे. साक्षीदार बोलताना अडखळला का, उलटतपासणीत डगमगला का, हे ज्यूरीने पाहिलं. वरच्या न्यायमूर्तींसमोर फक्त कागद असतात. कागद वाचून साक्षीदाराला खोटं पाडायला लागलो, तर अंधारात एकट्या माणसासमोर झालेल्या कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा टिकणार नाही. मेलेल्या माणसाला साक्ष देता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

कोरा कागद:
खोटं पाडा असं मी म्हणतच नाही. तो साक्षीदार प्रामाणिक होता, अडचण तिथेच आहे. खोटारडा उलटतपासणीत सापडतो. प्रामाणिकपणे चुकलेला सापडत नाही, कारण तो खरंच मनापासून सांगत असतो.

बचाव कोसळला हे मान्य. पण खोटं बोलणं आणि खून करणं यांत मोठं अंतर आहे. तो पॅरोलवर, म्हणजे अटींवर तुरुंगाबाहेर होता; पोलीस दिसताच लपायला तेवढं कारण पुरतं. खून कार्लोस हर्नांडेझ नावाच्या माणसाने केला, असं त्याने खटल्यातच सांगितलं होतं. असा माणूसच नाही, असं चित्र सरकारी पक्षाने ज्यूरीपुढे उभं केलं. तो माणूस होता. त्याच शहरात राहत होता, पोलिसांना माहीत होता, चाकू बाळगायचा. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासगटाने हे सगळं सविस्तर मांडलं. दोघे इतके सारखे दिसायचे की जवळच्या माणसांचीही फोटो पाहून गफलत झाली.

साक्षीभाव:
रोनाल्ड कॉटनचं प्रकरणही बघा. १९८४, नॉर्थ कॅरोलायना, बलात्काराचा गुन्हा. जिवंत राहिले तर याला ओळखायचंच, असं ठरवून पीडितेने हल्लेखोराचा चेहरा न्याहाळला होता. तिने फोटोंतून कॉटनला निवडलं, मग प्रत्यक्ष रांगेतूनही त्यालाच. अपिलात फेरखटला मिळाला. तेव्हा खरा गुन्हेगार तिच्यासमोर न्यायालयात आणला गेला आणि तिने त्याला ओळखलंच नाही. कॉटन पुन्हा दोषी ठरला. १९९५ मध्ये डीएनएने त्याला सोडवलं.

तिसरा बाक:
मी एका लुटीची साक्षीदार होते, म्हणून लिहिते आहे. मला सुऱ्याचं पातं आजही दिसतं. चेहरा दिसत नाही. त्या वेळीही दिसत नव्हता, नजर पात्यावरून हलतच नव्हती. ओळख पटवायला बोलावलं तेव्हा मी बराच वेळ घुटमळले आणि एकाकडे बोट दाखवलं. बाहेर आल्यावर एक अधिकारी म्हणाला, ‘बरोबर ओळखलंत.’ त्या एका वाक्यानंतर त्या रात्रीच्या आठवणीत त्याच माणसाचा चेहरा येऊन बसला. न्यायालयात मी ‘शंभर टक्के’ म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. पण पहिल्या दिवशी मी घुटमळले होते, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते मला अजून सलतं.

उंबरठा:
तुमचा अनुभव वाचून थांबलो. अधिकाऱ्याच्या शाबासकीने साक्षीदाराची खात्री फुगते, हे मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं, ते मला माहीत आहे. पण त्याच वेल्स यांनी जॉन विक्स्टेड यांच्यासोबत २०१७ मध्ये हेही मांडलं की, ओळख नीट पद्धतीने घेतली असेल तर पहिल्याच वेळची ठाम खात्री बऱ्यापैकी भरवशाची असते. म्हणून ‘डोळ्यांची साक्ष निकामी’ हा सूर मला मान्य नाही. पहिल्या दिवशीचे शब्द जसेच्या तसे नोंदवलेले असतील आणि ते ठाम असतील, तर अपिलात त्यांना हात लावू नये.

कोरा कागद:
आणि नोंदच नसेल तर? तेव्हा शंकेचा फायदा कुणाला? इंग्लंडमध्ये १९७६ च्या टर्नबुल निकालाने सांगितलं की ओळख कच्ची असेल आणि तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल, तर न्यायाधीशाने खटला ज्यूरीकडे जाऊच देऊ नये. खालच्या न्यायाधीशाने हे केलं नाही, तर ते वरच्याने करायचं.

उंबरठा:
नोंद नसेल तर फेरखटला द्या, थेट सुटका नको. मारल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांना तेवढा हक्क आहे.

साक्षीभाव:
फेरखटला कॉटनलाही मिळाला होता. तोपर्यंत त्याचा चेहरा तिच्या आठवणीत पक्का झाला होता, आणि दुसऱ्या खटल्यात आणखी एका पीडितेनेही त्यालाच ओळखलं. फेरखटला द्यायचा तर ती जुनी ओळख बाजूला ठेवून द्या. उरलेल्या पुराव्यावर काय उभं राहतं ते पाहा.