मोटरहोमच्या फ्रिजमध्ये पावसाचं पाणी

लीड्सकर: मंडळी, जुनी मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेतलीय, थ्री-वे फ्रिज आहे, म्हणजे गॅस, १२ व्होल्टची बॅटरी आणि मेन्सची वीज तिन्हीवर चालणारा. स्कॉटलंडात आडवा पाऊस लागला आणि फ्रिज १२ व्होल्टवर चालेचना, फ्रिजमागची, गाडीच्या बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढली तर सर्किट बोर्डाच्या पिनांवर हिरवी बुरशी. काय करू?

जुनाभटक्या: बुरशी नाही हो, तांब्याचा गंज. आधी हुकअप (बाहेरून वीज आणणारी केबल) काढा, बॅटरी सोडवा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळलं की डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल अडवणारं, वीज न वाहू देणारं) लावा. वायरला बोर्डाच्या खाली झोल द्या, म्हणजे थेंब बोर्डावर न जाता तिथूनच गळतो.

मीनल_के: आणि जाळीवर प्रेशर वॉशर नका मारू! आमचं तसंच झालेलं, पावसाला उगाच शिव्या.

लीड्सकर: अख्खी जाळीच टेपने बंद केली तर?

जुनाभटक्या: अजिबात नको! गॅसवर असताना हवा तिथूनच लागते, गॅस गळाला तर जड असल्याने बाहेरही तिथूनच पडतो.