ऑपरेशन चांगलं झालं पण आईने मनच सोडलंय, मनाचा खरंच एवढा संबंध असतो का?

भरती_ओहोटी (वेंगुर्ला)
नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, शिमग्याच्या आधी न्हाणीत पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला, एक्सरे बघून डॉक्टर म्हणतात एकदम मस्त आहे, वॉकर घेऊन चालवायला लागा. पण ती खाट सोडायलाच तयार नाही, पेज पण चार चमचे घेते आणि "माझा आता काय ऱ्हवला" एवढंच. आते म्हणते देवळात कौल लाव, मुंबईचा भाऊ रोज फोनवर "आई पॉझिटिव्ह रहा", शेजारी सांगतात मनावर घेतलं की माणूस उठतो. तर या मनाच्या गोष्टीत शास्त्रीय काही आहे की नुसतं बोलायचं म्हणून बोलतात? आणि असेल तर करायचं काय, कारण "मनावर घे" सांगून ती काही घेत नाहीये.

सोलकढी
आमच्या काकीचा असाच झाला होता. ती रोज तुळशीक पाणी घालूक जाय, ता बंद झाला म्हणान जास्त खचली. मगे आम्ही सांगितला घरभर नको, फक्त तुळशीपर्यंत चल. कौल लावा, गाऱ्हाणा घाला, व्हय म्हाराजा म्हणा, पण गोळयो बंद करू नको.

फिजिओ_रत्नागिरी
शास्त्रीय आहे, बरंच आहे. पण आधी सांगा, उठताना किती दुखतं हे आईला कोणी नीट विचारलंय का? घरचे "मनच नाही" म्हणतात तेव्हा आत बऱ्याचदा दुखणं आणि परत पडायची भीती असते. भीतीने अंग आवळून धरतात, आवळलं की जास्त दुखतं, दुखलं की उठत नाहीत, आणि पडून राहिलं की मांडीतली ताकद जाते मग खरंच पाय धरत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, आणि सांगून द्या की आता दुखणं कमी होईल. हसू नका, इटलीत तुरीनला बेनेडेट्टी यांच्या टीमने हे तपासलंय, तेच वेदनाशामक पेशंटला सांगून दिलं तर जास्त लागू पडतं आणि मशीनमधून गुपचूप सोडलं तर कमी. १९७८ मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर पण प्रयोग झाला, नुसत्या खोट्या औषधाने ज्यांना बरं वाटलं त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं परत वाढलं. नॅलोक्सोन अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम अडवतं, म्हणजे मेंदूने स्वतःचंच वेदनाशामक सोडलं होतं, तो भास नव्हता.
पण नुसत्या मनाच्या भरवशावर हाड जुळत नाही हां. त्याला प्रोटीन लागतं, कॅल्शियम लागतं, डॉक्टर सांगतील तेवढं वजन पायावर यावं लागतं. नुसत्या पेजेवर ठेवू नका, अंडं, मासे, कुळथाची पिठी, जे जाईल ते.
आणि खाट कुठे आहे? माजघरात अंधारात असेल तर पडवीत आणा. उलरिच नावाच्या माणसाने १९८४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट बघितले होते, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची त्यांना विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा कडक पेनकिलर कमी लागले आणि सुट्टी पण थोडी लवकर मिळाली. अभ्यास छोटा आहे, २३ जोड्यांचा, पण खाट हलवायला पैसे थोडीच पडतात.

कातळावरची
माझा सूर थोडा वेगळा. मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता आणि "पॉझिटिव्ह रहा" ऐकून कान किटले. म्हणजे उद्या गाठ परत आली तर मी रडले म्हणून आली का? १९८९ मध्ये एक अभ्यास आला होता की आधारगटात, म्हणजे पेशंट एकत्र बसून बोलतात तिथे, बसणाऱ्या कॅन्सरच्या बायका जास्त जगल्या, लोक अजून तोच सांगत फिरतात, पण २००१ आणि २००७ च्या अभ्यासांत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २००१ च्या अभ्यासात मन हलकं झालं आणि दुखणं कमी जाणवलं, ते मात्र खरं, आणि ते काय थोडं आहे का? तेव्हा भावाला सांगा, लेक्चर बंद कर आणि आईशी गजाली मार, आंब्याला मोहर किती आलाय ते विचार. तिला रडायचं असेल तर रडू दे.

फिजिओ_रत्नागिरी
+१. आणि जेवण, झोप, बोलणं सगळंच दोन आठवड्यांच्या वर उतरलं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, त्याला औषध आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्री आईजवळ कोण असतं?

भरती_ओहोटी
सगळ्यांचे आभार. खाट माजघरातच आहे, उद्या हलवतो. दुखण्याचं तर आम्ही विचारलंच नव्हतं, आज विचारल्यावर म्हणाली "तुमका त्रास कित्याक". रात्री बायको असते, सलग झोप नाहीच तिला.

फिजिओ_रत्नागिरी
मग तिच्याकडे पण बघा. अमेरिकेत किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या हातावर मुद्दाम छोटी जखम करून बघितली, ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. सततच्या ताणाने जखम भरणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. रात्रीच्या पाळ्या लावा, भाऊ मुंबईहून येऊ दे की.

भरती_ओहोटी
बायको हे वाचून आडाळ्यावर कापलेलं बोट दाखवतेय, म्हणते बघा अजून भरत नाही 😅

फिजिओ_रत्नागिरी
एका बोटावरून काही ठरत नाही, आधी शुगर तपासा तिची. आणि भावाला फोन आजच करा.