फुटबॉलमध्ये असिस्टंट रेफरीने (मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावणाऱ्या पंचाने) लाइनवरून खेळाडूंशी बोलावं की नुसता झेंडा दाखवावा?

टचलाइन:
असिस्टंट रेफरीने खेळाडूंशी बोलूच नये, असं नव्या मुलांना अजूनही शिकवतात. मला ते चुकीचं वाटतं. पुण्यातल्या लीगमध्ये तेच खेळाडू आणि तेच पंच सीझनभर एकमेकांसमोर येतात. ओळख होणारच, मग ती नीट का होऊ नये? पहिली गाठ किट तपासताना पडते. कडं, साखळी, बाळी काढावीच लागते, वर टेप लावलेली चालत नाही. पण हे वॉर्मअपलाच सांगा. घट्ट बसलेलं कडं काढायला साबण-पाणी लागतं. संघ मैदानात उतरताना सांगितलंत तर भांडण ठरलेलं.

खेळ सुरू झाल्यावरही थ्रो-इनला (बाहेर गेलेला बॉल हाताने आत फेकताना) कोणी अंगावर येऊन उभा राहिला, तर "सात नंबर, दोन मीटर" एवढं म्हणा, तो सरकतो. गप्प बसलात तर तो थ्रो अडवणार, शिट्टी होणार आणि त्याला यलो कार्ड. एवढं सगळं चार शब्दांत टळतं.

दुसरा_झेंडा:
किटचं मान्य, पुढचं नाही. ऑफसाइड, म्हणजे स्ट्रायकर बचावफळीच्या पुढे होता का, हे बघायला आपली जागा सेकंड लास्ट डिफेंडरच्या (गोलकडून मोजताना दुसऱ्या बचावपटूच्या) रेषेत, बॉल त्याच्याही पुढे गेला तर बॉलच्या रेषेत. डिफेंडर गोलपासून वर येतोय, स्ट्रायकर उलट गोलकडे पळतोय, दोघांचा वेग सेकंदाला ५ मीटर धरा. अर्ध्या सेकंदात त्यांच्यातलं अंतर ५ मीटरने बदलतं. तेवढ्यात तुम्ही सात नंबरकडे बघत असाल, तर ऑफसाइडचा अंदाजच बांधावा लागेल.

आणि ते 'भाऊ', 'दादा' बंद करा. एकाला "भाऊ, मागे हो" आणि दुसऱ्याला "ए नऊ नंबर" झालं की समोरचा बेंच ते बरोबर ऐकतो. तुम्ही पूर्वी कोणत्या क्लबकडून खेळायचात हे इथे सगळ्यांना माहीत असतं. दोघांनाही नंबरनेच हाक मारा.

टचलाइन:
नंबरचं पटलं. पण बॉल बाहेर असताना कुठली रेषा चुकते? ऑफसाइड दिल्यावर स्ट्रायकर विचारतो, "सर, कुठे होतो मी?" त्याला "गुडघा पुढे होता" एवढं सांगावं. १९९० पासून त्या डिफेंडरच्या बरोबरीत असलेला ऑनसाइड धरतात, त्यामुळे वाद बहुतेकदा शरीराच्या कुठल्या भागाचा यावर येतो. हात मोजत नाहीत, हे बऱ्याच खेळाडूंना ठाऊक नसतं. तसंच ऑफसाइड वाटूनही लगेच झेंडा न उचलता पुढे काय होतं ते बघताना डिफेंडर ओरडतात, तेव्हा "बघतोय, खेळा" म्हटलं की ते शांत होतात.

दुसरा_झेंडा:
शेवटचं अजिबात करू नका! बॉल खेळात असताना तुमचा प्रत्येक शब्द निर्णय समजला जातो. "बघतोय" ऐकून स्टॉपर (मधला डिफेंडर) हात वर करून थांबतो आणि मागे गोल होतो. मग तक्रार तुमच्या नावाने, आणि ती खरीही असते.

स्टॉपर_४:
खेळाडूच्या बाजूने सांगतो. आम्हाला गप्पा नकोत, झेंडा ठाम हवा. थ्रो-इनला आधी एक दिशा दाखवून मग बदलली की पुढची वीस मिनिटं तुमचं कोणी ऐकत नाही. जवळचा थ्रो स्वच्छ दिसला असेल तर सरळ दिशा द्या. शंका असेल तर आधी रेफरीच्या डोळ्यांत बघा, मग झेंडा. झेंडा एका हातातून दुसऱ्यात घ्यायचा तर कमरेखाली. वर नेऊन बदललात तर झेंडा हलतो आणि गोंधळलेले वाटता. तुम्ही काय बोलता ते यानंतर येतं.

टचलाइन:
हे खरंय. खेळ चालू असताना बोलण्याचं मी मागे घेतो. पण थांबल्यावर कॅप्टनशी बोलण्याचा आग्रह सोडणार नाही. २०२४ पासून रेफरीकडे फक्त कॅप्टननेच जायची मार्गदर्शक पद्धत आलीय, ती लागू करायची की नाही हे स्पर्धा ठरवते. कॅप्टन गोलकीपर असेल तर त्याच्याऐवजी कोण बोलणार, हे टॉसआधीच ठरलेलं असतं. तो नंबर आपणही पाठ ठेवावा. "तुमचा अकरा नंबर प्रत्येक झेंड्याला ओरडतोय" हे त्याच्या कानावर घातलं की बऱ्याचदा यलोची वेळ येत नाही.

दुसरा_झेंडा:
ओरडण्यापुरतं ठीक. शिवी असेल तर कॅप्टन मधे आणायचा नाही. ओळखीपायी दहाव्या मिनिटाला एकाची शिवी गिळलीत, तर सत्तराव्या मिनिटाला दुसऱ्या संघाच्या त्याच शिवीला रेड कार्ड कुठल्या तोंडाने मागणार? कार्ड आपल्या हातात नाही. झेंडा वर करून रेफरीला बोलवायचं, नंबर सांगायचा आणि शिवी ज्या भाषेत दिली त्याच भाषेत, शब्द न बदलता सांगायची. रिपोर्टमध्येही तीच जाते.