टेंगूळ आलं की पालकांना लगेच फोन करायलाच हवा का?

शाळेतली सिस्टर:
मी जीएनएम नर्स. आधी रुग्णालयात होते, गेली पाच वर्षं पुण्यातल्या एका शाळेत आहे. हजारावर मुलं आणि सिस्टर मी एकटी. मधली सुट्टी संपली की दारात रांग लागते. कुणाचा गुडघा फुटलेला, कुणाचा घोळणा फुटलेला, कुणाच्या पोटात दुखतंय (त्यातल्या निम्म्यांनी डबाच खाल्लेला नसतो).

परवा दुसरीतला मुलगा धावताना खांबावर आपटला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरला. शुद्ध हरपली होती का, उलटी, चक्कर, डोळ्यांच्या बाहुल्या, चालणं, बोलणं, सगळं पाहिलं. अर्धा तास जवळ बसवलं, रजिस्टरमध्ये नोंद केली, डायरीत चिठ्ठी लावली की दोन दिवस लक्ष ठेवा. फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईवडील दारात. "डोक्याला लागलं आणि तुम्ही चिठ्ठी लिहिता?" वर्गातली मुलं बघत होती. खूप बोलणी खाल्ली.

माझं मत अजून तेच आहे. रोज पंधरा फोन गेले, तर ज्या दिवशी खरंच धावत यायला हवं त्या दिवशी तो फोन कुणी मनावर घेणार नाही.

दोन मुलांची आई:
ताई, उपचारात तुमची काही चूक नाही. पण गुडघा आणि डोकं एका मापाने मोजू नका. माझी मुलगी शाळेतून पाळणाघरात जाते, सातला घरी येते. डायरी मी जेवणं उरकल्यावर उघडते. तोवर "लक्ष ठेवा" हे पाळणाघरातल्या काकूंना कोण सांगणार? ती दुपारी गाढ झोपली तर दमून झोपली की डोक्याला लागल्यामुळे, हे त्यांना कसं कळावं? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून शाळेतलं काहीही उशिरा कळलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्यावर आरडाओरडा झाला ते चूकच, पण ती भीती खोटी नाही.

झेडपी गुरुजी:
आमच्या शाळेत नर्सच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, एरवी प्रथमोपचार पेटी आणि आम्ही. पोरगं पडलं की कुणाला तरी घरी पिटाळतो. आई शेतातून येते, पदराने तोंड पुसते, परत वर्गात बसवते. शहरातल्या पालकांना ओरखडाही सहन होत नाही.

दोन मुलांची आई:
गुरुजी, तुमच्याकडची आई येते, कारण तुम्ही तिला निरोप धाडता! मी तेवढंच मागतेय.

निवृत्त परिचारिका:
आमचा नियम होता, मानेच्या वर लागलं की फोन, खाली लागलं तर चिठ्ठी. पक्का दात मुळासकट पडला तर तो दुधात घालून अर्ध्या तासात दाताच्या डॉक्टरकडे पोचावं लागतं. तिथे चिठ्ठी काय कामाची?

शाळेतली सिस्टर:
दात, डोळा, टाके पडतील अशी जखम, यांना मी फोन करतेच. पण मानेच्या वर म्हटलं की घोळणाही आला, आणि उन्हाळ्यात तो रोज कुणाचा ना कुणाचा फुटतो. पुढे वाकवून दहा मिनिटं नाक चिमटीत धरलं की थांबतो. पाळणाघराचं मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या मुलाची आईही नोकरी करते. यापुढे डोक्याला मार लागला की शाळा सुटायच्या आत फोन करीन. घोळण्याला नाही करणार, मग कितीही बोलणी खावी लागली तरी.

एक बाबा:
शाळा सुटायच्या आत का? लगेच का नाही?

शाळेतली सिस्टर:
पहिला अर्धा तास मी त्या पोराकडे बघत असते. उलटी झाली किंवा शुद्ध हरपली तर वर्गशिक्षिका तुम्हाला फोन करतात, आणि तोवर मी त्याला घेऊन रिक्षात बसलेली असते.