आधी कोण जाणार? चौकातले आणि यू-टर्नचे अनुभव सांगा

मुलीला गाडी शिकवतोय. परवा सिग्नल नसलेल्या चौकात तिने विचारलं, "बाबा, आता आधी कोण?" पंचवीस वर्षं गाडी चालवून मला पटकन सांगता आलं नाही. घरी येऊन २०१७ चे केंद्राचे नियम वाचले. सिग्नल, पोलीस, पाटी काहीच नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना तिथल्या वाहनांना आणि गोल चौकात आधीच आत असलेल्याला. तुमच्यावर असा प्रसंग आलाय का? सविस्तर लिहा, गाड्यांचे नंबर मात्र नकोत.

साताऱ्याहून: आमच्या गावाजवळ हायवेच्या दुभाजकाला फट आहे. दोन वर्षांपूर्वी वडील स्कूटरवरून तिथे वळत होते. मध्ये झाडं वाढलेली, म्हणून समोरचं दिसावं यासाठी पुढचं चाक थोडं बाहेर काढलं. पण दुभाजकाला लागून असते ती सगळ्यात वेगाची लेन! कारने चाक उडवलं, वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. आम्ही कारवाल्यावर चिडलो होतो. वडीलच दवाखान्यात म्हणाले, "वळणारा मी होतो, सरळ येणाऱ्याला वाट मी द्यायची." आता दीड किलोमीटर पुढे जाऊन पुलाखालून वळतात. गावातले बाकीचे अजून फटीतूनच जातात, आणि रोज संध्याकाळी माझा जीव टांगणीला लागतो.

ड्रायव्हिंग शिकवतो, सांगली: उजवीकडचाच का, असं मुलं विचारतात. मी फळ्यावर काढून दाखवतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडून आलेली गाडी आपल्या पुढ्यातून, रस्त्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागातून जाते. डावीकडची पलीकडच्या भागातून. चित्र पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

म्युनिकहून: इथे वाहनं उजवीकडून चालतात, तरी पाटी नसेल तर उजवीकडच्यालाच आधी. लायसन्सच्या परीक्षेत, ताशी ३० किमीची मर्यादा असलेल्या वस्तीत एका बारीक गल्लीपाशी मी वेग कमी केला नाही. परीक्षकाने स्वतः ब्रेक दाबला, परीक्षा तिथेच संपली.

कॅलिफोर्नियाहून: चारही बाजूंना 'स्टॉप' असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो. एकदमच थांबलो तर उजवीकडचा.

नाशिकहून: सहा वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथे समोरच्याने दिवे चमकवले तर बहुतेक वेळा अर्थ 'तुम्ही जा' असाच. परत आल्यावर पहिल्याच महिन्यात यू-टर्नला थांबले होते, समोरून टेम्पोने डिपर दिला. मी हात हलवून आभार मानले आणि वळायला लागले. तो तर 'मी येतोय, थांब' सांगत होता. टेम्पो हातभर अंतरावर थांबला. मागच्या सीटवर मुलगा होता. आता कुणी कितीही डिपर दिला तरी समोरची चाकं थांबलेली दिसेपर्यंत मी स्टिअरिंग फिरवत नाही.