मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली, थांबावं की खासगीत न्यावं? (हिंगोली)

नमस्कार मंडळी. आम्ही वसमत तालुक्यातले. वडिलांची (वय ७१) लघवी तुंबली म्हणून रातोरात सरकारी दवाखान्यात नेलं. नळी टाकली. पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रोस्टेट वाढल्याचं निघालं, दुर्बिणीने ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर चांगलं बोलले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण युरॉलॉजिस्ट (लघवीच्या विकारांचे डॉक्टर) ठरावीक वारीच येतात, भूल देणारे कमी, आणि तारीख मिळाली दसऱ्यानंतरची. म्हणजे ऐन सोयाबीन काढणीत.

तोवर नळी. वडील लघवीची पिशवी कापडी थैलीत घालून धोतराआड धरतात. पारावर जाणं बंद झालंय, कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतात.

खासगीत ६०-७० हजार सांगितले. थोरले भाऊ म्हणतात थांबू. आई म्हणते म्हैस विका. २०२३ साली नांदेडला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हापासून सरकारी म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. त्यात रांगेतली चर्चा: "हे सगळं आता खासगीला देणार, काय करायचं ते आत्ताच उरकून घ्या."

केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेतून हे खासगीत होईल का? नळी इतके दिवस चालते का? आणि खासगीकरणाच्या धास्तीनं घाई करण्यात अर्थ आहे का?

जुनी सिस्टर: भाऊ, आधी नळीचं बघा. साधी रबरी असेल तर महिन्याच्या आत बदलून घ्या, ग्रामीण रुग्णालयातही बदलतात. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा. थंडी वाजून ताप आला, नळी तुंबली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर तारीख-बिरीख विसरा, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

योजनेचं म्हणाल तर काही ऑपरेशनं सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. रांगा वाढायचं तेही एक कारण. तुमचं त्यात बसतं का आणि जवळ योजनेतलं कोणतं रुग्णालय हे करतं, ते १५५३८८ वर विचारा. योजनेतल्या खासगी दवाखान्यात गेलात तर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा. आधी भरलेले परत मिळवताना जीव जातो.

माळरान: खासगीकरणाचं अर्धं खरं, अर्धं गैरसमज. परभणी-हिंगोलीला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, तशी जिल्हा रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे जायला लागली. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत झाले ते आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत. मेडिकल कॉलेजात पावती फाडावी लागली की लोक म्हणतात, झालं खासगी! सिटी स्कॅन, डायलिसिस बऱ्याच ठिकाणी ठेक्यावर गेलंय हे मात्र खरं, आणि ते मलाही खुपतं. तरी त्यापायी म्हैस विकू नका. दसऱ्यापर्यंत काही ते रुग्णालय विकलं जात नाही. उलट ओपीडीच्या दिवशी जाऊन विचारा: कुणाची तारीख रद्द झाली तर बोलवाल का? बीपी-शुगर, ईसीजी, भुलीची तपासणी आधीच करून ठेवली तर ऐनवेळी बोलावणं आलं तरी जमतं.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. नळी रबरीच आहे, सोमवारी बदलून आणतो. एकच अडचण, वडिलांचे अंगठे झिजलेत, मशिनवर उमटत नाहीत. कार्डाच्या केवायसीला चेहरा दाखवून चालतं का, कुणी करून घेतलंय का?