‘ग्लिच’ला मराठीत काय म्हणाल? (‘बिघाड’ नको)

मधली ओळ:
डिजिटल मेमरीवरची एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यापाशी अडले: ‘विलंबाची पायरी बदलताना क्लॉकमध्ये ग्लिच येता कामा नये.’ संपादकांनी ‘ग्लिच’ खोडून ‘बिघाड’ केलं. मला पटत नाही. बिघाड झाला की वस्तू दुरुस्त करावी लागते. इथे सगळे गेट, म्हणजे सर्किटचे ० किंवा १ पुढे देणारे छोटे घटक, ठणठणीत असतात, तरी मध्येच एक नको तो स्पंद निघून जातो. शिवाय त्याच पानावर ‘जिटर’ आणि ‘स्क्यू’ही आहेत, त्यांच्याशी गल्लत व्हायला नको. नेमका शब्द सुचवा.

कानामात्रा:
दोष? त्रुटी?

मधली ओळ:
दोष मुक्कामाला असतो. हा येतो आणि जातो.

भाषाभिमानी:
आधी ‘क्लॉक’चं काय ते बघा. ‘घड्याळ’ असताना क्लॉक कशाला? ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द सावरकरांनी दिले, आज आपण ते बिनदिक्कत वापरतो. मग इथेच हात का आखडता?

सर्किटकर:
‘घड्याळ’ म्हटलं की वाचक किती वाजले ते बघायला जातो. मेमरीतला क्लॉक वेळ सांगत नाही, ठोके देतो. डीडीआर४-३२०० या जातीच्या मेमरीत १६०० मेगाहर्ट्झचा क्लॉक असतो, म्हणजे एका चढत्या कडेपासून (पातळी ० ची १ होते तो क्षण) पुढच्या चढत्या कडेपर्यंत ६२५ पिकोसेकंद. डेटा चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांवर जातो, म्हणून एका बिटच्या वाट्याला ३१२.५ येतात. एवढ्याशा फटीत वाचायची कड मधोमध बसवायला कंट्रोलर स्ट्रोब, म्हणजे डेटा कधी वाचायचा ते सांगणारा ठोका, पाव आवर्तन उशिरा नेतो, साधारण १५६ पिकोसेकंद. हे काम गेटांच्या साखळीचं: जितके जास्त गेट ओलांडले तितका उशीर. पण तापमान किंवा व्होल्टेज हललं की गेटचा वेगही हलतो. मग चालू मेमरीत, कडा धावत असतानाच, साखळीची पायरी बदलावी लागते. ग्लिच उपटतो तो इथे.

उंबरठा:
‘उपटतो’ वरून सुचलं: उपटसुंभ! न बोलावता आलेला. बिनतोड शब्द आहे.

कानामात्रा:
परीक्षेत ‘उपटसुंभविरहित विलंब-नियंत्रण’ लिहिणारं पोर डोळ्यांसमोर आलं.

जुनी वही:
उपटसुंभ म्हणजे मुळात सुंभ उपटून, दावं तोडून आलेलं जनावर, असा माझा तर्क. आधाराला कोश नाही, पण तर्क सोडवत नाही.

उंबरठा:
बरं, मग ‘आगाऊ’ घ्या. आगाऊ स्पंद. नको तिथे तोंड घालणारा.

सर्किटकर:
शब्द झकास आहे आणि म्हणूनच इथे घातक. आगाऊ म्हणजे वेळेआधीसुद्धा. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना. धडा चाललाय कड लवकर आली की उशिरा याचा. तिथे ‘आगाऊ कड’ वाचून शंभरातले नव्व्याण्णव ‘लवकर आलेली कड’ असंच समजतील. लवकर आलेली कड हा ग्लिच नव्हे. ठोके मोजून तितकेच, फक्त जागेवरून मागेपुढे हलतात, तो जिटर. एकच ठोका दोन ठिकाणी वेगवेगळ्या वेळी पोचतो, तो स्क्यू. ग्लिचमध्ये ठोक्यांची संख्याच चुकते, किंवा निदान चुकायची भीती असते.

मधली ओळ:
हे फार उपयोगाचं. संख्या कशी चुकते, तेही सांगा ना.

सर्किटकर:
समजा पायरीचा आकडा साध्या द्विमानात आहे आणि तो ७ वरून ८ वर न्यायचा आहे. ०१११ चं १००० होणार, चारही बिट बदलणार. चौघे एकाच क्षणी बदलतील याची हमी नाही. साखळीतली कोणती पायरी बाहेर जोडायची ते ठरवणाऱ्या निवडकर्त्याला मधल्या क्षणात ०००० किंवा ११११ सुद्धा दिसू शकतं. तेवढ्यात कड पार भलत्या टोकावरून बाहेर पडते, मग खरी जागा सापडते, आणि एका ठोक्याचे दोन होतात. पुढचा मोजणारा फ्लिप-फ्लॉप, म्हणजे प्रत्येक कडेला एक बिट टिपणारा घटक, बिचारा प्रामाणिक. त्याने दोन मोजले की त्यामागचा सगळा डेटा एका घराने सरकला. चिप तापत नाही, जळत नाही, फक्त खोटं सांगते.

कानामात्रा:
शेजारच्या आकड्यांत एकच बिट बदलणारा ग्रे कोड वापरला की संपलं ना? बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांचं पेटंट १९५३ चं आहे. ७ साठी ०१००, ८ साठी ११००, एकच बिट बदलतं.

सर्किटकर:
आकड्याचा घोळ संपला, कडेचा नाही. शेजारशेजारच्या दोन पायऱ्या घ्या. जुन्या पायरीवर पातळी १ झाली आहे, नव्या जास्त उशिराच्या पायरीवर कड अजून पोचायची आहे, तिथे ०. नेमकं तेव्हा बदललं तर बाहेर १, मग ०, मग पुन्हा १. एकाच्या दोन चढत्या कडा. म्हणून बदल अशा क्षणी करायचा की दोन्ही पायऱ्यांवर पातळी सारखीच असेल. कड दोन्ही ओलांडून गेली की लगेच. त्यासाठी नवा आकडा लॅचमध्ये, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या घटकात, थांबवून ठेवतात आणि बाहेर पडणाऱ्या क्लॉकच्याच उतरत्या कडेने आत सोडतात. ज्याला वळवायचं त्याच्याच परवानगीने वळवायचं, असा प्रकार.

जुनी वही:
गाण्यात याला सोपा शब्द आहे: बेताल.

सर्किटकर:
लय बदलली तर बेताल म्हणू. पीएलएल नावाच्या सर्किटमध्ये स्वतःचे ठोके देणारा आंदोलक असतो, त्याची लय बदलता येते. आपली ही विलंबाची साखळी चालवणारं सर्किट म्हणजे डीएलएल, तो लयीला हात लावत नाही. आलेला ठोका थोडा रोखून धरतो आणि समेवर आणतो, बस. म्हणून ‘फेज जुळवणे’ला, म्हणजे दोन क्लॉकच्या कडा एका वेळी आणण्याला, ‘समेवर आणणे’ म्हणा, माझी हरकत नाही. ग्लिच म्हणजे मध्येच पडलेली जादा थाप.

भाषाभिमानी:
‘रोखून धरतो’ हे आवडलं. मग ‘विलंब’ कशाला? विलंबात दिरंगाईचा वास आहे, सरकारी पत्रातला. इथला उशीर तर मुद्दाम केलेला.

उंबरठा:
विलंबित लयीला दिरंगाई म्हणाल का?

भाषाभिमानी:
नाही म्हणणार. मुद्दा मान्य. पण ‘घड्याळ’ सोडणार नाही. घड्याळ ‘घडणे’वरून आलं: ज्यात काळ घडत जातो ते. क्लॉकला याहून चांगला शब्द कुठला?

जुनी वही:
अहो, ‘घटी’वरून. पाण्यात सोडायचं घटिकापात्र, ते बुडलं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. ‘घडणे’शी त्याचं नातं लावू नका.

भाषाभिमानी:
आणि सुंभाचं लावायचं?

कानामात्रा:
मूळच बघायचं तर ‘ग्लिच’चंही बघू. यिडिशमधल्या घसरण्याच्या शब्दावरून आला असावा असं म्हणतात. जॉन ग्लेन या अंतराळवीरांनी १९६२ मध्ये त्याचा अर्थ व्होल्टेजमधली अचानक उसळी असा दिला होता. मग ‘उसळी’ का नको?

मधली ओळ:
कारण तो नेहमी वरच जातो असं नाही. उंच असलेल्या पातळीत खाली बुडी मारली तरी ग्लिचच. मला स्वतःला ‘उचकी’ आवडतो आहे. दोन्हीकडे चालतो, क्षणाचा आहे, आणि उचकीला कोणी बिघाड म्हणत नाही.

सर्किटकर:
उचकी मला चालेल, एक शंका सोडून. उचक्या पुन्हा पुन्हा लागतात. ग्लिच एकदा येतो, आणि तपासायला बसलात की येतच नाही. ‘चुकार स्पंद’ कसा वाटतो? कळपातून फुटलेला. खुजा, अर्धीच उंची गाठलेला स्पंदही त्यात बसतो.

उंबरठा:
चुकार म्हणजे कामचुकारसुद्धा. हा तर जादा काम करतोय!

भाषाभिमानी:
पण तुम्ही सगळे ‘ग्लिच आला’ लिहिताय. आमच्याकडे ‘ग्लिच आली’ म्हणतात. परका शब्द घ्यायचाच तर लिंग तरी ठरवा.

कानामात्रा:
मी ‘ग्लिच आलं’ पण ऐकलंय.

सर्किटकर:
चिपवर काम करणाऱ्यांत पुल्लिंगीच. ग्लिच आला, जिटर वाढला, पण एज (कड) चुकली आणि लॉक (डीएलएलची जुळणी) सुटलं.

भाषाभिमानी:
लॉक सुटलं? कुलूप उघडतं. सुटते ती गाठ.

सर्किटकर:
इथे सुटतंच. सुटलं की डीएलएल पुन्हा जुळेपर्यंत ठोके मोजत थांबायचं, डीडीआर३ मध्ये ५१२. ‘उघडलं’ म्हणालात तर शेजारचा विचारेल, कोणी उघडलं?

जुनी वही:
‘लॉक’ नपुंसकलिंगी का, तर ‘कुलूप’ नपुंसकलिंगी म्हणून. मग ‘एज’ स्त्रीलिंगी ‘कड’मुळे. या हिशेबाने ‘ग्लिच’ पुल्लिंगी कोणत्या मराठी शब्दामुळे, ते शोधा बघू.

उंबरठा:
उपटसुंभामुळे.